नव्या फाइलचा सातबारा

प्रस्तावना

सांगली-सातारा पट्ट्यातल्या कुठल्याही संगणक प्रयोगशाळेत लिनक्सचे प्रॅक्टिकल चालू असेल, तर अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानावर येते. "सर, परमिशन डिनाइड येतंय की!" सर उठून तिथवर पोचेपर्यंत शेजारच्या बाकावरून उपाय आलेला असतो. "त्यात काय, सातशे सत्त्याहत्तर मार की." ७७७ मारले की अडथळा जातो, प्रॅक्टिकल पुढे सरकते, जर्नलवर सही होते. त्या तीन सातांनी नेमके काय केले, हे कोणी विचारत नाही. फाटकाचे कुलूप निघेना म्हणून फाटकच उचलून बाजूला ठेवावे, तसा हा प्रकार.

मीही बरीच वर्षे विचारले नाही. एका सत्राने मला विचारायला लावले. आमच्या महाविद्यालयात साठ विद्यार्थ्यांचा एकच सर्व्हर होता. सत्राच्या शेवटी सबमिशन तपासताना सात जणांच्या प्रोग्रामात एकच कॉमेंट सापडली, तीही स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. कोणी पासवर्ड चोरला असेल असे वाटले. तसे काहीच झाले नव्हते. तिथे तयार होणारी प्रत्येक फाइल जन्मतःच सगळ्यांना वाचायला खुली होती आणि शेजाऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊन ती उचलून आणणे एवढेच काम होते. त्याच सत्रात चार मुलांचा एक प्रोजेक्ट रखडला, कारण एकाने तयार केलेली फाइल बाकीच्या तिघांना वाचता येई, पण त्यात बदल करून सेव्ह करता येत नसे. मग त्यांनी एकमेकांना ईमेल पाठवायला सुरुवात केली आणि शेवटी 'फायनल', 'फायनल दोन' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइली घेऊन ती मुले माझ्यापुढे उभी राहिली.

दोन्ही घोटाळ्यांचे मूळ एकाच आकड्यात होते. ६४४. जिथे झाकायला हवे तिथे त्याने उघडे ठेवले आणि जिथे वाटून घ्यायला हवे तिथे अडवले. हा आकडा आमच्यापैकी कोणीच ठरवला नव्हता. सर्व्हर बसवणाऱ्याने नाही, मी नाही, मुलांनी तर नाहीच. तरी तो कोणीतरी ठरवला होताच. आमच्या कितीतरी आधी, दुसऱ्या गरजांसाठी, दुसऱ्या ठिकाणी. नवी फाइल कोणते हक्क घेऊन जन्माला येते, ते हक्क कोण ठरवतो आणि कशाच्या आधारावर, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्याकडे जमिनीचा मामला कोणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. जमीन कोणाच्या ताब्यात, कोणाचे कसले हक्क हे सातावर, पिके बारावर. युनिक्स घराण्यातल्या प्रत्येक फाइललाही असाच एक उतारा असतो. त्यावर तीन रकाने : मालक, गट आणि इतर. मालक म्हणजे घरचा, गट म्हणजे भावकी, इतर म्हणजे उरलेले गाव. (सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' या रकान्याशी गल्लत नको. तिथे कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा लागतो. इथे 'इतर' म्हणजे माणसे.) प्रत्येक रकान्यात तीन हक्क बसतात. वाचण्याचे मोल ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. बेरीज करून आकडा लिहायचा. ६४४ म्हणजे घरच्याने वाचावे-लिहावे, भावकीने वाचावे, गावानेही वाचावे. ७७७ म्हणजे सगळ्यांनी सगळे करावे.

आता नवी फाइल तयार होतानाचा क्षण जवळून पाहू. तुम्ही एडिटरमध्ये चार ओळी लिहून सेव्ह करता. एडिटर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, अर्ज करतो : या नावाची फाइल हवी, हक्क ६६६ द्या. साध्या फाइलसाठी बहुतेक प्रोग्राम इतकेच मागतात. चालवण्याचा हक्क मुळात मागितलेलाच नसतो, म्हणून नवी फाइल आपोआप चालू लागत नाही. फोल्डरसाठी ७७७ मागतात, कारण फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' म्हणजे आत शिरणे. एवढा सढळ अर्ज कर्नल जसाच्या तसा मंजूर करत नाही. त्याच्याकडे एक चाळणी असते, तिचे नाव युमास्क. काय द्यायचे हे चाळणी सांगत नाही. काय काढून घ्यायचे एवढेच सांगते. युमास्क ०२२ असेल तर भावकी आणि गाव या दोघांचा लिहिण्याचा हक्क गाळला जातो. ६६६ चे ६४४ होते, ७७७ चे ७५५. युमास्क ००२ असेल तर फक्त गावाचे लिहिणे जाते, भावकीचे राहते. ०७७ असेल तर घरच्याशिवाय कोणालाच काही उरत नाही.

भोगवटादार वर्ग २ ची जमीन असलेल्याला हे चटकन कळेल. जमीन त्याच्या नावावर असते, तो कसतो, पिकवतो. पण विकायची म्हटले की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मालकी दिली आणि तिच्यातला एक हक्क आधीच काढून ठेवला. युमास्क हेच करतो.

इथे पाठ्यपुस्तके एक चूक रुजवतात. युमास्क म्हणजे वजाबाकी, असे शिकवले जाते. ६६६ वजा ०२२ बरोबर ६४४, हिशेब जुळतो, मुले खूश. आता युमास्क ०३३ घेऊन पाहा. वजाबाकीने ६३३ येते, म्हणजे भावकीला आणि गावाला वाचता येत नाही पण लिहिता आणि चालवता येते, असला विचित्र उतारा. संगणक मात्र ६४४ देतो. कारण जो हक्क मागितलाच नव्हता, तो काढून घेण्याचा प्रश्न येत नाही. चाळणी असलेलेच धान्य गाळते. नसलेले धान्य ती कमी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही चाळणी फोल्डरला किंवा डिस्कला चिकटलेली नसते. ती चालू असलेल्या प्रोग्रामकडे असते आणि त्याने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे वारशाने जाते. म्हणून एकाच माणसाने एकाच फोल्डरमध्ये तयार केलेल्या दोन फाइलींचे उतारे वेगळे निघू शकतात. एक त्याने स्वतः लॉगिन करून केलेली, दुसरी रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या बॅकअपने केलेली. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या एका वाक्यात मिटतात.

तिसरी गोष्ट क्रमाची. 'आधी फाइल होऊ दे, मग हक्क आवळू' हा विचार धोक्याचा आहे. युनिक्समध्ये हक्क तपासले जातात ते फाइल उघडताना. उघडी जन्मली आणि क्षणभराने बंद केली, तरी त्या क्षणात जो आत शिरला तो पुढेही वाचतच राहतो. दार नंतर लावून आत बसलेला पाहुणा बाहेर जात नाही. गुपित ठेवायची फाइल जन्मतानाच झाकलेली हवी.

हे सगळे कुठून आले? १९६० च्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स नावाची प्रणाली उभारायला घेतली. प्रत्येक फाइलमागे कोणाला काय करता येईल याची नावानिशी यादी ठेवण्याची सोय तिच्यात होती. बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली आणि तिथल्या मोजक्या मंडळींनी युनिक्स रचले. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये यादीबिदी काही नाही : फाइलचा मालक आणि मालक नसलेले, एवढेच दोन वर्ग. भावकी, म्हणजे गट, नंतर आला. चाळणी तर त्याहून उशिरा आली. सुरुवातीचे युनिक्स एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या मंडळींत चालत होते. तिथे सगळे सगळ्यांना दिसले तर बिघडत नव्हते. यंत्रे विद्यापीठांत आणि कंपन्यांत पोचली, एका यंत्रावर अनोळखी माणसे येऊ लागली, तेव्हा १९७८ च्या सुमारास युमास्क आला आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर सगळीकडे पसरला. वाडा एका घराचा होता तोवर खोल्यांना कड्या नव्हत्या. बिऱ्हाडकरू आले तेव्हा कड्या बसल्या.

पुढे या क्षेत्रात तीन घराणी झाली.

पहिले चाळणीचे घराणे, म्हणजे युनिक्स, लिनक्स, मॅकओएस. त्यातही तंटे आहेत. नवी फाइल कोणत्या भावकीत जाते? बर्कलीच्या बीएसडीने उत्तर दिले : ज्या फोल्डरमध्ये जन्मली त्याच्या गटात. एटीअँडटीच्या सिस्टीम फाइव्हने सांगितले : ज्याने तयार केली त्याच्या गटात. लिनक्स एरवी दुसरे मत मानतो, पण फोल्डरवर सेटजीआयडी ही खूण केली की पहिले मानतो. चाळणी किती बारीक असावी हाही वाद आहे. रेड हॅटने प्रत्येक वापरकर्त्याला त्याचा स्वतःचा एकट्याचा गट दिला आणि त्या आधारावर ००२ ही सैल चाळणी लावली. भावकीत आपण एकटेच असू तर तिला लिहू द्यायला भ्यायचे कशाला? डेबियननेही गट तसेच दिले, पण चाळणी ०२२ च ठेवली. उबंटूने २०११ मध्ये ००२ स्वीकारली. त्याच उबंटूने २०२१ मध्ये नव्या वापरकर्त्यांचे होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० केले, म्हणजे गावाला अंगणातच यायला बंदी केली. माझ्या साठ विद्यार्थ्यांच्या सर्व्हरवर हा एक आकडा असता, तर ती सात सबमिशने सारखी निघाली नसती.

दुसरे वारशाचे घराणे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली. इथे चाळणी नाही. नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये जन्मते, त्या फोल्डरच्या यादीतले वारशाने उतरणारे हक्क तिला मिळतात. फोल्डरने काहीच ठरवले नसेल तर तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या ओळखपत्रात लिहिलेले हक्क लागू होतात. फोल्डर नीट लावला की आतले सगळे सुरळीत, हा याचा मोठा गुण. तोटाही तिथेच आहे. विंडोज २००० मध्ये सी ड्राइव्हच्या मुळाशीच 'एव्हरीवन'ला पूर्ण मुभा होती आणि मुळाशी जे असते ते खाली झिरपते. एक्सपीमध्ये ती आवळली. आणखी एक गंमत पाठ करून ठेवावी : फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरचे हक्क घेते, त्याच ड्राइव्हवर हलवली तर सहसा जुनेच घेऊन जाते. पेन ड्राइव्हवर तर बहुधा हक्क नोंदवायला जागाच नसते. फाइल त्यावर चढली की उतारा गळून पडतो.

तिसरे घराणे तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडने प्रत्येक ॲपलाच वेगळा वापरकर्ता मानले. ॲपने स्वतःच्या खोलीत तयार केलेली फाइल दुसऱ्या ॲपला दिसत नाही; दाखवायची तर मुद्दाम दाखवावी लागते. फाइल सर्वांना वाचायला खुली करण्याची जी जुनी सोय होती, ती २०१२ मध्ये नापसंत ठरवली गेली आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ती वापरू पाहणाऱ्या नव्या ॲपला सरळ नकार मिळू लागला. पन्नास वर्षांत वारे कोणत्या दिशेने वाहिले, हे यावरून दिसते : उघड्याकडून झाकलेल्याकडे.

या दिशेला तात्त्विक पाया देणारा लेख मात्र जुना आहे. १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणाची तत्त्वे मांडली. त्यातले एक असे की निर्णय परवानगीच्या आधारावर व्हावा, मनाईच्या नाही. कोणी काहीच सांगितले नसेल तर उत्तर 'नाही' असावे. कारण साधे आहे. चुकून 'नाही' राहिले तर माणूस तक्रार घेऊन येतो आणि चूक कळते. चुकून 'हो' राहिले तर कोणीच तक्रार करत नाही.

मग सगळीकडे ०७७ लावून मोकळे व्हावे का? माझे मत तसे नाही, आणि त्यासाठी संगणकाबाहेरचे उदाहरण देतो. १९२३ च्या कार्यालयीन गोपनीयतेच्या कायद्याने सरकारी कचेरीत झाकून ठेवण्याची सवय लावली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती उलटी केली : माहिती खुली धरायची आणि ती नाकारायची असेल तर कारण कलम आठ आणि नऊमध्ये शोधायचे. दोन्हीकडे कागद तेच होते. काही सांगितलेले नसताना उत्तर काय धरायचे, एवढेच बदलले. सातबारा आज कोणालाही ऑनलाइन पाहता येतो, २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. तो झाकलेला असता तर व्यवहारात फसवणूक वाढली असती. त्याच माणसाच्या आधारकार्डाचे स्कॅन मात्र असे उघडे पडून चालत नाही. एक चाळणी सगळ्या धान्याला पुरत नाही.

हा विषय आपल्या भागात परका नाही. वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द आखते. तिच्या दोन्ही तीरांवरच्या सत्तर गावांत १९९८ मध्ये वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प आला. ऊस उत्पादकांसाठी गावोगाव संगणक बसले. उसाचे वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब गावातच दिसू लागला. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली. गावात एकच सामाईक यंत्र आणि माहिती घरोघरची, ही तिथली रचना. माझे टनेज माझ्या भावकीने पाहावे का, हा प्रश्न अशा यंत्रापुढे उभा राहतोच आणि त्याचे उत्तर फाइलच्या उताऱ्यावर लिहिलेले असते.

आज त्या जागी झेरॉक्सचे दुकान आणि ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहून समोरच्या पडद्याकडे पाहा. डाउनलोड्सचा फोल्डर उघडा असतो, त्यात आधीच्या पंचवीस गिऱ्हाइकांची आधारकार्डे, पासबुके, रेशनकार्डे. इथे चाळणी, वारसा, काहीच कामाला येत नाही, कारण दिवसभर सगळे एकाच नावाने लॉगिन असतात. संगणकाच्या लेखी तिथे एकच माणूस आहे, आणि तो घरचा आहे. हक्कांची सगळी व्यवस्था वेगवेगळ्या खात्यांमध्ये भिंत घालते. खातेच एक असेल तर भिंत घालायची कुठे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर ती नीट राखण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. 'आम्ही काही बदललेच नव्हते' हे उत्तर तिथे बचाव म्हणून पुरणार नाही.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयापासून कराडच्या शासकीय अभियांत्रिकीपर्यंत आणि साताऱ्यातल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांपासून राजारामनगरपर्यंत, दरवर्षी कितीतरी मुले लिनक्स शिकून बाहेर पडतात. त्यांना आज्ञा पाठ असतात. कमी पडते ते आज्ञेमागचे 'का', आणि तेही मराठीत. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. तसेच शाळेचा, पतसंस्थेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक 'तुला येतं ना, बघ जरा' म्हणून ज्यांच्या गळ्यात पडतो, त्यांच्यासाठी. यात आज्ञांची यादी नाही. ती कुठेही मिळते. तिन्ही घराण्यांनी एकच प्रश्न कसा सोडवला, कुठे फसले, आणि आपल्या संस्थेसाठी उत्तर निवडताना काय काय विचारायचे, हे सांगण्याचा प्रयत्न आहे. नेटवर्कवरची घुसखोरी, व्हायरस, पासवर्ड हे विषय मी मुद्दाम बाहेर ठेवले. ते मोठे आहेत आणि त्यांच्यावर पुस्तके आहेत. आपणच, कोणी न मागता, रोज शेकडो वेळा देऊन टाकतो त्या परवानगीवर फारसे कोणी लिहीत नाही.

भाषेबद्दल एक खुलासा. कोणी काही न ठरवता लागू होणाऱ्या गोष्टीसाठी 'पूर्वनिर्धारित' हा शब्द बरोबर आहे, पण प्रयोगशाळेत तो कोणाच्या तोंडी ऐकला नाही, म्हणून मी 'डिफॉल्ट' ठेवला. आमच्या एका नातेवाइकांनी हस्तलिखित चाळून विचारले, "कर्जाचं पुस्तक आहे काय?" सहकारी बँकांच्या या मुलखात डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार. त्यांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. आपण न ठरवलेली गोष्टही आपल्या नावावर चढत राहते आणि तिची वसुली एक दिवस होतेच.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या संगणकावर एक रिकामी फाइल तयार करा. तिच्यात काही लिहू नका. तिचा उतारा काढा आणि मालक, गट, इतर या तिन्ही रकान्यांत काय आहे ते कागदावर उतरवून घ्या. पुस्तक संपल्यावर तो कागद पुन्हा काढा आणि स्वतःला विचारा : हे मी दिले असते का?